अण्णांनंतरचा सातबारा

"दाखल्याच्या किती प्रती काढू?" ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरने विचारलं. चुलतभाऊ म्हणाला, "एक बास की." मी दहा मागितल्या.

2025 च्या मे महिन्यात आमचे थोरले चुलते, अण्णा, झोपेतच गेले. मी तालुक्याच्या गावी शिक्षक, त्यामुळे कागदांचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दहा प्रतींतली एकही उरली नाही. तलाठी, सोसायटी, जिल्हा बँक, महावितरण, साखर कारखाना, कृषी कार्यालय, जिथे जिथे अण्णांचं नाव होतं तिथे तिथे ते गेल्याचं कागदाने सांगावं लागलं. मृत्यूची खबर 21 दिवसांत दिली तर नोंद विनाशुल्क होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दाखला हातात पडताच एक गोष्ट तपासायची राहून जाते, ती म्हणजे त्यावरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का. अण्णांचं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि गावाच्या तोंडी तिसरंच होतं. ही तिन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं तेव्हाच अर्ज पुढे सरकला.

वारस नोंदीची मुळाक्षरं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये आहेत. कलम 149 सांगतं की वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यावी आणि तलाठ्याने तिची लेखी पोच द्यावी. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण त्यावर अवलंबून असलेलं बाकी सगळं खोळंबतं. हल्ली ई-हक्क प्रणालीतून अर्ज घरबसल्या भरता येतो. तलाठ्याचं पदनामही आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, मयताशी नातं आणि हे सगळं खरं असल्याचं शपथपत्र लागतं. या नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही.

चावडीत भाऊसाहेबांनी कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. वर अण्णांचं नाव, त्याखाली काकू, मुलगा, दोन मुली. पेन थांबवून त्यांनी विचारलं, "मयताची आई हयात आहे का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजी हयात होती, पंच्याऐंशी ओलांडलेली, घरी ओसरीवर बसलेली. लेकाच्या जमिनीत आईचा हिस्सा येतो हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी आणि विधवा यांच्या जोडीने आईही येते. भाऊसाहेबांनी आजीचं नाव लिहिलं. तो एक प्रश्न त्यांनी विचारला नसता तर नोंद झाली असती, पण अपुरी. वंशावळीचा कागद असा भरायचा असतो: आधी जिवंत माणसं मोजायची, मग कुणाला काय हवंय ते बोलायचं.

आमच्याकडे बोलणं आधी सुरू झालं होतं. दहाव्याच्या दिवशीच एक नातेवाईक म्हणाले, "पोरींची नावं कशाला घालता? त्या दिल्या घरी सुखी आहेत. उगाच सह्यांचा ताप." चुलतभाऊ वाईट माणूस नाही, पण तोही गप्प राहिला. उत्तर काकूंनी दिलं: "माझ्या दोन्ही लेकींची नावं लागली पायजेत. त्यांना नको असेल तर त्या सांगतील. तुम्ही नका सांगू."

जुने सातबारे पाहिले की या वाक्याचं वजन कळतं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं, बाकीचे भाऊ त्यात सामावले आणि बहिणी कागदावर कधी आल्याच नाहीत. मुलींना जन्मतः वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असणं त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तरीही गावोगाव 'बहीण नाही म्हणते' एवढ्यावर नावं गळतात. बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर त्यालाही रस्ता आहे. आधी तिचं नाव वारस म्हणून लागतं, मग तिने दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवायचं. सुतकात पुढे केलेल्या कागदावरची सही म्हणजे हक्कसोड नव्हे.

अर्ज गेल्यावर काम दोन टप्प्यांत चालतं. वारसांची चौकशी होऊन नाव गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत येतं. ते मंजूर झालं की गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत, 6-अ मध्ये जातं. न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आमची नोटीस आजीकडेही आली. तिला वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, "यात माझं नाव हाय?" आहे म्हटल्यावर तिने अंगठा पुढे केला.

जुलैत नवा सातबारा निघाला. हल्लीच्या उताऱ्यावर मयत खातेदाराचं नाव पुसत नाहीत. ते कंसात राहतं आणि त्यावरून एक आडवी रेघ जाते. खाली काकू, आजी, चुलतभाऊ आणि दोघी बहिणी अशी पाच नावं, पुढे फेरफार क्रमांक. 'इतर हक्कात' सोसायटीचा बोजा होता तसाच होता. जमीन वारसाने येते तेव्हा तिच्यावरचं कर्जही बरोबर येतं.

त्या कर्जाची तारीख फेरफारासाठी थांबणार नव्हती. पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही आणि आमच्या कर्जाची मुदत 30 जूनला संपत होती. "माणूसच नाही, कर्ज कुणाच्या नावाने भरायचं?" असं म्हणून कित्येक घरं ती तारीख चुकवतात आणि सवलत हातची जाते. आम्ही अण्णांच्याच खात्यावर भरणा केला. नवं कर्ज मात्र वारस नोंद, नवा 8-अ खातेउतारा आणि वारसाचं सभासदत्व झाल्यावरच मिळालं.

अनुदानांचं गणितही याच नोंदीभोवती फिरतं. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6,000 अण्णांच्या खात्यात येत होते. लाभार्थी गेल्याचं कळवावं लागतं, कारण मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात. मयताचं एटीएम कार्ड वापरून ते काढत राहणं हा पुढच्या वसुलीला दिलेला होकार असतो. पीएम किसानला जमीनधारणेची 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख आहे, तरी त्यानंतर वारसाने जमीन आली असेल तर ती आड येत नाही. काकूंची नवी नोंदणी त्यामुळेच करता आली. त्याआधी शेतकरी ओळख क्रमांक हवा होता. राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे आणि तो आधार व सातबारा जुळवूनच मिळतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे ओळख क्रमांक नाही, आणि ओळख क्रमांक नाही म्हणजे ठिबकपासून पीक विम्यापर्यंत काहीच नाही.

मृत्यू अपघाती असेल तर घाई आणखी मोठी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, पाण्यात बुडणं हे सगळं त्यात येतं. वयोमर्यादा 10 ते 75 वर्षांची, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही संरक्षण आहे. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो आणि त्याच्या कागदांत 6-क ची वारस नोंद असते. पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद पहिल्याच दिवशी सांभाळून ठेवायला घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. बालाघाटाच्या उतारावरचं आमचं सोयाबीन शेंगांसकट पाण्यात कुजलं. ऑगस्टमधली ई-पीक पाहणी नव्या नावांवर झालेली होती, म्हणून नुकसानीच्या यादीत आमचा गट व्यवस्थित आला. तरी खातं सामायिक असल्याने मदत काकूंच्या खात्यावर जमा करायला बाकी चौघांचं संमतीपत्र लागलं. दोघी बहिणी सासरहून आल्या, सह्या केल्या, आईजवळ राहून गेल्या. दहाव्याला ज्याचं भय घातलं होतं तो सह्यांचा ताप हाच. तो खरा आहे, मी नाकारत नाही. पण सही लागते म्हणजे विचारावं लागतं. त्या दिवशी चुलतभाऊ बहिणींसमोर बसून पिकाचा, कर्जाचा, आजीच्या औषधांचा हिशेब बोलला. वडिलांच्या शेतीबद्दल त्या दोघींना कुणी काही विचारावं, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

आमच्या बांधाला लागून असलेल्या गटावर अजून कसणाऱ्याच्या आजोबांचं नाव आहे. मधल्या पिढीतले दोघे वारले, त्यांची मुलं पुण्या-मुंबईला पांगली. शेत कसणाऱ्या नातवाला ना ओळख क्रमांक, ना कर्ज, ना नुकसानीची मदत. आता तीन पिढ्यांची वंशावळ जुळवायची तर मेलेल्यांचे दाखले आणि जिवंतांचे पत्ते दोन्ही शोधावे लागताहेत. अशांसाठीच सरकारने बुलढाण्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम एप्रिल 2025 पासून राज्यभर नेली. गावातल्या मयत खातेदारांच्या याद्या करून वारस नोंदी घ्यायच्या, हे तिचं काम. काम चांगलं आहे, पण ते मोहिमेपुरतं नको. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या संगणकात होते, सातबारा महसूल खात्याच्या संगणकात असतो. पहिल्याने दुसऱ्याला आपणहून कळवलं आणि तलाठी घरी येऊन वारस विचारू लागला, तर कित्येक विधवांची वणवण सुरूच होणार नाही. हे सरकारने करावं, आणि तोवर आपण थांबू नये.

फेरफाराने मालकी ठरत नाही, ती वारसा हक्काने ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तरी बँक, सोसायटी, कृषी कार्यालय सगळे सातबाराच पाहतात, म्हणून ज्याचं नाव त्यावर नाही त्याचा हक्क पुस्तकात राहतो. घरात कुणी गेलं असेल तर तेराव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चावडी गाठा. वंशावळीत बायको, मुली, आई, सगळ्यांची नावं द्या. पोच मागून घ्या. नोंद झाल्यावर उतारा काढून प्रत्येक नावाचं प्रत्येक अक्षर वाचा आणि चूक दिसली तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागा. जमीन वाटायची की एकत्र कसायची, कुणी हक्क सोडायचा की ठेवायचा, हे सगळं नंतर सावकाश ठरवता येईल, पण ते ठरवताना सगळ्यांची नावं कागदावर असलीच पाहिजेत.