खापरपणजोबा ‘बसऱ्याला’ गेले होते? मग असं शोधा

पेण-रोह्याकडच्या एखाद्या घरात आजी सहज सांगून जाते, “आमचे आजेसासरे बसऱ्याच्या लढाईवर गेले, ते परत आलेच नाहीत.” ही पहिल्या महायुद्धातली गोष्ट. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा फक्त आकडा! नावं राहिली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वह्यांत. त्या आता मोबाइलवर फुकट बघता येतात.

पण ‘रायगड’ टाकून काही हाती लागणार नाही. जिल्ह्याचं हे नाव १९८१चं, त्याआधी तो कुलाबा होता. आडनावावरही अडून बसू नका. बऱ्याचदा शिपायाचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच लिहिलेलं असतं, तेही साहेबी स्पेलिंगमध्ये.

पलटण ११०वी मराठा आणि मृत्यू २९ एप्रिल १९१६ नंतरचा? त्या दिवशी कुतला वेढ्यात अडकलेली ही पलटण तुर्कांच्या हाती पडली. म्हणजे माणूस कैदेत गेला असण्याची शक्यता दाट.

जे जिवंत परतले, ते या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी आजीची ट्रंक उघडा. मेडल सापडलं तर त्याची कड बघा. नंबर, नाव, पलटण तिथेच ठोकलेली असते. आणि हो, ते घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातील!