लष्करी डिस्पोजलचे दिवे आणि आडवाटेचे वाहन : कर्नाळा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लष्कराने वापरातून काढलेल्या वाहनांवरील व कोठारांतील दिवे लिलावातून जुन्या बाजारात येतात आणि तेथून आडवाटेवर चालणाऱ्या खासगी जीपगाड्यांवर बसविले जातात. हे दिवे मुळात कोणत्या हेतूने घडविले गेले, २४ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टच्या वाहनावर कसा जोडावा, तो किती उंचीवर असावा आणि मोटार वाहनविषयक नियम त्याबाबत काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यातून जाणाऱ्या महामार्गाच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे महत्त्व येते. लष्करी दिव्याचा खरा गुण प्रखरता हा नसून प्रकाश आवरून धरणे हा आहे आणि रूपांतर करताना तोच गुण टिकविला पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लष्करी डिस्पोजल, ब्लॅकआउट दिवा, विद्युतदाब, झगमगाट, मोटार वाहन नियम, कर्नाळा अभयारण्य.

१. प्रस्तावना

पनवेल सोडून गोव्याच्या दिशेने निघालेला राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) काही अंतरावर कर्नाळ्याच्या जंगलात शिरतो. एका बाजूला किल्ल्याचा सुळका आणि दोन्ही अंगांना झाडी असा हा रस्ता आहे. मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथून कोकणातील आडवाटांकडे जाणारी चारही चाकांना गती देणारी वाहने याच रस्त्याने जातात. त्यांपैकी कित्येकांच्या बंपरवर किंवा टपावर जाड पत्र्याचे जुने लष्करी दिवे दिसतात. ते दणकट असतात, स्वस्त मिळतात आणि वाहनाला एक रुबाब देतात. परंतु रात्रीच्या वेळी समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने त्या रुबाबाला काहीच अर्थ नसतो. त्याला रस्त्याची कड दिसते की नाही, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. म्हणून या हौशी विषयाकडे भौतिकशास्त्र, कायदा व पर्यावरण या तिन्ही अंगांनी पाहणे आवश्यक ठरते.

२. डिस्पोजलची परंपरा

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी अनेक गाड्या भारतातही लष्करी शिल्लक माल म्हणून विकल्या गेल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि लष्करी घडणीचे हे वाहन नागरी जीवनात रुळले. पुढे जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेली जोंगा आणि १९८५ मध्ये बाजारात आलेली व सैन्यानेही स्वीकारलेली मारुती जिप्सी याही गाड्या निवृत्तीनंतर खासगी हातांत आल्या.

आज संरक्षण खात्याचा बाद माल प्रामुख्याने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून विकला जातो. तेथून तो व्यापाऱ्यांकडे आणि पुढे मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्यातील सुट्या भागांची दुकाने किंवा पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी पोहोचतो. ग्राहकाने पावती मागून घेणे हिताचे असते. कारण लिलावातून आलेला माल व चोरीचा माल यांत बाह्यतः फरक दिसत नाही.

३. लष्करी दिव्यामागील विचार

नागरी वाहनाचा दिवा चालकाला दिसावे आणि वाहन इतरांनाही दिसावे यासाठी असतो. लष्करी दिव्यांपैकी अनेकांचा हेतू याच्या अगदी उलट असतो. चालकाला जेमतेम दिसावे, परंतु शत्रूला, विशेषतः वरून पाहणाऱ्या विमानाला, काहीही दिसू नये, हे त्यांचे सूत्र होय. विलीज जीपच्या डाव्या मडगार्डवर बसविलेला ब्लॅकआउट दिवा याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्यावर टोपीसारखी झडप असते व प्रकाश फक्त खाली, चाकांसमोरच्या जमिनीवर पडतो. त्याच जीपचे मुख्य दिवे बिजागरीवर फिरवून इंजिनाकडे वळविता येत, म्हणजे रात्रीच्या दुरुस्तीसाठी वेगळा दिवा लागत नसे.

मागील बाजूचे ब्लॅकआउट दिवे त्याहून कल्पक आहेत. त्यांत लहान प्रकाशछिद्रे अशा अंतरावर असतात की मागचे वाहन जवळ आले तर ती वेगवेगळी दिसावीत आणि दूर गेले तर एकत्र मिसळावीत. मानवी डोळ्याची भेदनक्षमता सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतकी असते. या हिशेबाने १८ मीटरवरून दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान ५ मिलिमीटर अंतर हवे. काळोखात ही क्षमता घटते, म्हणून प्रत्यक्षात अंतर अधिक ठेवावे लागते. ठिपके मोजून चालकाला पुढच्या वाहनापासूनचे अंतर कळावे, हा त्यामागील हेतू. ब्रिटिश पद्धतीत वाहनाच्या मागील डिफरन्शियलला पांढरा रंग देऊन त्यावर एक छोटा दिवा सोडीत. मागून येणाऱ्याने त्या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे चालायचे.

हा विचार आपल्याकडील नागरिकांनाही अपरिचित नाही. १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात शहरांतून मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकला जात असे. ती टोपीच्या दिव्याचीच घरगुती आवृत्ती होती.

४. विद्युतदाबाचा प्रश्न

महायुद्धकालीन जीप ६ व्होल्टवर चालत असे. १९५० मध्ये आलेल्या एम-३८ या अमेरिकी लष्करी जीपपासून २४ व्होल्टची पद्धत स्वीकारली गेली आणि पुढे ती अनेक देशांच्या लष्करी वाहनांत रूढ झाली. नागरी जीपगाड्या मात्र १२ व्होल्टच्या असतात. म्हणून डिस्पोजलचा दिवा हाती आल्यावर सर्वप्रथम त्यातील बल्बवर छापलेला आकडा वाचावा.

२४ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टवर लावल्यास तो निम्मा प्रकाश देईल अशी समजूत असते. ती बरोबर नाही. टंगस्टनच्या कुंतलाचा प्रकाश विद्युतदाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब निम्मा झाला की प्रकाश मूळच्या एक दशांशाहूनही कमी उरतो आणि तोही तांबूस असतो. उलट ६ किंवा १२ व्होल्टचा बल्ब दुप्पट दाबावर जोडल्यास तो तत्काळ जळतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला व सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्याच बैठकीचा १२ व्होल्टचा बल्ब बसविणे. दुसरा, १२ चे २४ व्होल्ट करणारा परिवर्तक वापरणे; मूळ बल्ब दुर्मीळ बैठकीचा असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. तिसरा, एलईडी बसविणे. तिसऱ्या उपायाबाबत सावधगिरी हवी. दिव्यातील परावर्तक हा कुंतलाच्या नेमक्या जागेसाठी घडविलेला असतो. एलईडीचा प्रकाश देणारा पृष्ठभाग त्या जागेपासून थोडा जरी सरकलेला असला तरी झोत विस्कटतो आणि प्रकाश वर व बाजूंना उडतो. बल्ब अधिक तेजस्वी व रस्ता मात्र अधिक अंधारा, असा विपरीत परिणाम यातून होतो.

५. तारा, रिले व फ्यूज

विद्युतदाब निम्मा झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो. ६० वॉटचा दिवा २४ व्होल्टवर २.५ अँपिअर घेतो, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर. असे दोन दिवे १ चौरस मिलिमीटर छेदाच्या ४ मीटर तांब्याच्या तारेवर जोडल्यास १० अँपिअर प्रवाहाला तारेतच सुमारे ०.७ व्होल्टची घट होते. वर सांगितलेल्या घातामुळे या किरकोळ दिसणाऱ्या घटीत जवळपास १८ टक्के प्रकाश नाहीसा होतो. तारेचा छेद २.५ चौरस मिलिमीटर केला तर हीच हानी ७ ते ८ टक्क्यांवर येते. दिव्याचा मूळ लष्करी पुच्छतार पातळ असेल तर तो बदलणे, हे अधिक वॉटचा बल्ब लावण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

हा प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून नेऊ नये; बटणाने रिले चालवावा व रिलेने दिवा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार असंरक्षित राहते. वरील जोडणीस १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. अर्थिंगसाठी बंपरचा रंग खरवडून स्वच्छ धातूवर पकड घ्यावी. मिणमिणत्या दिव्याचे कारण बहुधा बल्बमध्ये नसून या गंजलेल्या जोडात असते.

लष्करी दिव्यांची कवचे जाड असली तरी त्यांतील रबरी गॅस्केट जुनी व कडक झालेली असतात. कोकणातल्या पावसात ती प्रथम बदलावीत. कवचाच्या तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र असल्यास ते बुजवू नये.

६. उंची, झोत व कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ अन्वये वाहनाच्या पुढील दिव्यांनी १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. त्यामुळे ब्लॅकआउट दिवा हा मूळ दिव्याची जागा घेऊ शकत नाही. तो केवळ जादा दिवा राहू शकतो. नियम १०६ नुसार झोत असा खाली वळविलेला असावा की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, १.५ मीटर उंचीवर डोळे असणाऱ्या व्यक्तीचे डोळे दिपू नयेत. नियम १११ ने नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढील बाजूस स्पॉटलाइट वा सर्चलाइट लावण्यास मनाई केली आहे. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची मर्यादा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ती अधोरेखित केली. शिवाय नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरताच राखीव आहे. दिव्याला शोभावे म्हणून गाडीही त्या रंगाची करण्याचा मोह टाळलेला बरा.

नियम १०६ मागील भूमिती पाहिली तर टपावरच्या दिव्याचा फोलपणा लक्षात येतो. दिवा जमिनीपासून १.८ मीटर उंचीवर आहे असे समजू. ८ मीटरवर झोताची वरची कड १.५ मीटरच्या खाली आणायची तर तो ३० सेंटिमीटर उतरला पाहिजे. याच उताराने झोत ४८ मीटरवर जमिनीला टेकतो. उलट ७५ सेंटिमीटर उंचीवर बंपरवर बसविलेला दिवा केवळ एक टक्का उताराने ७५ मीटरपर्यंत पोहोचतो आणि कोणाच्याही डोळ्यांत जात नाही. म्हणजे नियम पाळला तर टपावरचा दिवा कमी पल्ल्याचा ठरतो, आणि त्याचा पल्ला वाढवायचा तर नियम मोडावा लागतो. पावसाळी रात्री तर त्याचा प्रकाश बॉनेटवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

झोत जुळविण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी वाहन भिंतीपासून ८ मीटरवर उभे करावे, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावी आणि झोताची वरची कड त्या खुणेच्या ८ सेंटिमीटर खाली येईल असा दिवा कसावा. हा एक टक्का उतार होय.

७. वेग व प्रकाशाचा पल्ला

मंद दिवा धोक्याचा की पुरेसा, हे वेगावर ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला, चालकाच्या प्रतिसादाचा दीड सेकंद व कोरड्या रस्त्यावरील बेताचे ब्रेक धरून, थांबण्यास सुमारे ५३ मीटर लागतात. चिखलाच्या वाटेवर ताशी २० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेकची पकड निम्म्याहून कमी धरूनही १६ मीटर पुरतात. आडवाटेवर म्हणूनच टोपीचा मंद दिवा उत्तम काम देतो. तो खड्डे व दगड यांच्या सावल्या लांब पाडतो, त्यामुळे जमिनीचा चढउतार अधिक स्पष्ट कळतो. दोन-चार वाहने एकामागून एक चालली असता पुढच्याचे डोळे आरशातून दिपत नाहीत. महामार्गावर मात्र हा दिवा बंदच असावा.

८. अभयारण्याचा संदर्भ

कर्नाळा हे १९६८ मध्ये घोषित झालेले पक्षी अभयारण्य असून २००३ मध्ये त्याचे क्षेत्र वाढवून १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. एवढ्या लहान जंगलातून महामार्ग जातो, तेव्हा रात्रीचा प्रत्येक झोत हा त्या जंगलातील हस्तक्षेप ठरतो. रातव्यासारखे पक्षी काळोख पडल्यावर जंगलातील उघड्या वाटेवर येऊन बसतात. प्रखर झोतात ते दिपून जागीच खिळतात व चाकाखाली येतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. झाडीत बाजूला फिरविलेला शोधदिवा तर वन्यजीवांना त्रास देण्याच्या प्रकारात मोडतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकतो. अशा ठिकाणी खाली पडणारा, पिवळसर व टोपीचा दिवा हाच सर्वांत कमी उपद्रवी ठरतो. शत्रूपासून लपण्यासाठी योजलेली झडप येथे जंगलाचा काळोख राखण्याच्या उपयोगी पडते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) डिस्पोजलचा दिवा मूळ दिव्यांच्या जागी न लावता, त्यांच्या जोडीला, बंपरच्या उंचीवर व स्वतंत्र बटणावर असावा. (२) बल्ब वाहनाच्या विद्युतदाबाचा असावा आणि खर्च करायचाच तर तो अधिक वॉटवर न करता जाड तार, रिले व चांगल्या अर्थिंगवर करावा. (३) दिव्याची टोपी किंवा झडप काढून टाकू नये. त्या दिव्यातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. (४) सार्वजनिक रस्त्यावर, विशेषतः अभयारण्यातून जाताना, जादा दिवे बंद ठेवावेत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाला मोल आहे. एका जुन्या दिव्याच्या आधारे रोध व घात यांचे गणित, डोळ्याची भेदनक्षमता, कायद्यातील मोजमापे व निशाचर जीवांची गरज या गोष्टी विद्यार्थ्यांना एकत्र अभ्यासता येतील. भिंत, मोजपट्टी व एक व्होल्टमापक एवढ्या साधनांवर हा प्रकल्प होऊ शकतो. आपण लावलेला प्रकाश दुसऱ्याच्या वाट्याला कसा येतो, हा प्रश्नही त्या निमित्ताने वर्गात विचारला जाईल.