गोदावरी निघाली पाणबुडी शोधायला!

दोस्तांनो, गंगाखेडच्या घाटावर पाण्यात पाय सोडून कधी बसलात का? समोर वाहते ती आपली गोदावरी. घरातली मोठी माणसं तिला नुसतं 'गंगा'च म्हणतात. आता ओळखा बरं, गोदावरीवर मोठ्या तोफा किती होत्या?

सहा!

हसू नका! दुसऱ्या महायुद्धात गोदावरी नावाची एक लढाऊ बोट होती. अगदी खरीखुरी! 1943 साली ती इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला बांधून झाली आणि रॉयल इंडियन नेव्हीत आली. लांबी सुमारे 91 मीटर. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत लावता ना? त्या पट्ट्यात ती जेमतेम मावली असती! आणि तिच्या बहिणी कोण? यमुना, सतलज, नर्मदा, कृष्णा, कावेरी! भूगोलाचा धडाच समुद्रात उतरला की!

तिचं काम राखणीचं. शाळेची सहल निघाली की बाई रांगेच्या कडेने चालतात, सगळे आहेत ना ते बघत. तसंच! मालाची जहाजं ताफ्याने निघत आणि राखणदार बोटी त्यांच्या आजूबाजूला चालत. भीती होती ती पाणबुड्यांची.

पण पाण्याखालची पाणबुडी दिसणार कशी? दिसत नाहीच. ती ऐकायची! विहिरीत वाकून 'ओ' दिली की 'ओ' परत येते ना? बोटही पाण्यात 'पिंग' असा आवाज सोडते. तो पाणबुडीवर आपटून माघारी येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर पळतो! म्हणजे 'पिंग' एका सेकंदात परत आला, तर पाणबुडी पाऊण किलोमीटरवर. अर्धा सेकंद जायला, अर्धा यायला!

12 ऑगस्ट 1944. हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांजवळ, यू-198 ही जर्मन पाणबुडी सापडली. गोदावरीबरोबर फिंडहॉर्न नावाची ब्रिटिश बोट होती. आणि गंमत ऐका, फिंडहॉर्न ही स्कॉटलंडमधली नदी! दोन नद्या मिळून शिकारीला!

हत्यार होतं 'हेजहॉग'. हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. 24 छोटे बॉम्ब दांड्यांवर तसेच काट्यांसारखे उभे! दिवाळीत सुतळी बॉम्ब वात संपली की फुटतोच. आपटीबार मात्र आपटला तरच! जुने पाणबॉम्ब सुतळी बॉम्बसारखे होते. ठरलेल्या खोलीवर गेले की, नेम चुकला तरी धडाम! मग पाणी असं घुसळून निघे, की 'पिंग' ऐकूच येईना. वर्गात सगळे एकदम ओरडले तर बाईंना हजेरी कशी ऐकू येणार? हेजहॉग पडला आपटीबार. लागला तरच धडाम. नाही लागला, तर... गुपचूप!

त्या दिवशी धडाम झालं. यू-198 बुडाली. तिच्यातले 66 च्या 66 जण गेले. इथे माझी लेखणी जरा अडखळते.

फाळणीनंतर ही गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिचं नवं नाव 'सिंध'.

मग आपली गोदावरी संपली? छे! 1983 साली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी 'आयएनएस गोदावरी' नौदलात आली, पाठीवर दोन हेलिकॉप्टर घेऊन! 2015 पर्यंत ती समुद्रावर होती. एडनच्या आखाताकडे चाच्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा मालाच्या जहाजांच्या राखणीला तीही गेली.