आयत्या वेळचे मिश्रण

भेळेत चटणी आयत्या वेळीच घालावी लागते. आधी घातली तर कुरमुरे सादळतात. काही औषधांचेही तसेच आहे. मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध पाणी मिसळल्यावर साधारण ७ ते १४ दिवसच टिकते. म्हणून बाटलीत कोरडी भुकटी येते आणि खुणेपर्यंत पाणी आपण घालायचे असते. फेसामुळे खूण नीट दिसत नाही, पाणी कमीजास्त होते आणि मात्रा चुकते.

यावर एक उपाय म्हणजे कप्प्याचे झाकण. बाटलीत मोजलेले पाणी, झाकणाच्या कप्प्यात मोजलेली भुकटी, मध्ये पातळ पडदा. झाकण दाबले की आतला दट्ट्या पडदा फोडतो आणि भुकटी पाण्यात पडते.

रचनेची अडचण पडद्यात आहे. त्याने महिनोन्‌महिने ओल अडवावी, पण आजीच्या बोटांनीही तो फुटावा. त्याचा तुकडा मात्र औषधात पडू नये. कप्पाही आतून गुळगुळीत आणि खाली रुंदावत जाणारा हवा. कोपऱ्यात भुकटी अडकून राहिली, तर मोजून भरलेली मात्रा आजारी मुलाच्या पोटात अपुरीच जाईल.