बोलायला घरात कोण आहे?

२६ जानेवारी २०१० रोजी अंदमानात बोआ सीनिअर नावाच्या एक आजी वारल्या. वय पंच्याऐंशीच्या घरातलं. त्यांच्याबरोबर ‘बो’ नावाची भाषा संपली, कारण ती बोलणारं दुसरं माणूसच उरलं नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी आजींकडून जमेल तेवढं ध्वनिमुद्रित करून ठेवलं, म्हणून ती भाषा आता निदान टेपवर तरी ऐकता येते. आजी काही एकट्या राहत नव्हत्या. आसपास माणसं होती, पोरंसोरं होती. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून त्या अंदमानी हिंदी शिकल्या. आपल्या भाषेत मात्र त्या पाखरांशी बोलायच्या.

मला या गोष्टीतलं ते शेवटचं वाक्यच जास्त लागलं. भाषा मरते म्हणजे पुस्तकं जळतात, शाळा बंद पडतात असं काहीतरी मोठं आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण युनेस्कोने भाषांची तब्येत बघण्यासाठी जी मोजपट्टी केली, ती अगदी आपल्या घरातली आहे. मुलं घरात ती भाषा शिकतात का, एवढंच आधी विचारायचं. शिकत नसतील तर भाषा धोक्यात. आईबापांना समजते पण ते मुलांशी ती बोलत नाहीत, फक्त आजीआजोबा बोलतात, मग दुखणं गंभीर. आणि आजीआजोबाही अडखळत, क्वचितच बोलतात, मग शेवटची घटका. साहित्य संमेलन भरतं का, सरकार अनुदान देतं का, हे नंतरचे प्रश्न.

अंदमान फार लांब वाटत असेल तर आपल्या मराठीचंच एक बेट घ्या. मॉरिशस. १८३४पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. मुंबई बंदरातून जी माणसं गेली, त्यांत आपली कोकणातली, रत्नागिरीकडची पुष्कळ. कारकुनाने कागदावर एकच नाव लिहून घेतलं, तेच पुढे आडनाव झालं. म्हणजे खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव आज पतवंडांच्या पासपोर्टवर आडनाव म्हणून मिरवतंय! या लोकांनी गणपती सोडला नाही. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. शाळेत मराठी विषय घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात, मराठी नाटकं होतात. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तिथे भरली होती. एका छोट्या बेटावर, मूठभर लोकांसाठी, आणखी काय करायचं?

आणि तरीही बहुतेक मराठी घरांत बोलणं चालतं ते क्रिओलमध्ये. आरती मराठीत, पण आरती झाल्यावर ‘प्रसाद घे’ म्हणायचं ते क्रिओलमध्ये. यात क्रिओलला नावं ठेवायचं कारण नाही. तीही मळ्यात राबणाऱ्या गुलामांच्या तोंडी वाढलेली कष्टाची भाषा आहे, शाळेत ऐच्छिक विषय म्हणून तिलासुद्धा २०१२ साल उजाडावं लागलं. मळ्यात, बाजारात, शेजारी सगळ्यांना जोडणारी तीच होती, ती हळूहळू उंबरठा ओलांडून आत आली. मराठी आता देव्हाऱ्यात आहे, शाळेच्या वहीत आहे. स्वयंपाकघरात नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. किल्ला, दीपगृह बघायला आपण जातो, फोटो काढतो आणि पुढे काशीदला पळतो. त्या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात जी भाषा बोलतात ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. ती तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज आणि वाक्याची बांधणी आपली, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज शब्द आपल्यालाही परके नाहीत म्हणा. बटाटा, पाव, काजू, चावी, घमेलं, फीत, पगार... ‘पगार’ हा शब्द नसता तर आमच्या चाकणचं काय झालं असतं!

चौलचे पोर्तुगीज १७४० मध्ये मराठ्यांना ठाणं देऊन निघून गेले. मागे राहिलेल्या या लोकांना लिपी नव्हती, शाळा नव्हती, कुणी राजा विचारत नव्हता. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या हिंदूंशी सोयरीक नाही. जातीमुळे इतर ख्रिस्ती घरांशीही नाही. गाव एका टोकाला, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. नकाशात बेट नसलं तरी व्यवहारात बेटच. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या भाषेवर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. अडीचशे वर्षं ती टिकली ती सून आली, पोर झालं, पोराला निजवताना याच भाषेत बोललं गेलं म्हणून.

मी हे अभिमानाने लिहितेय, पण त्यात एक काटा आहे. ज्या एकटेपणाने भाषा राखली, तो काही सुखाचा नव्हता. सोयरीक तुटलेली, गाव अडचणीचं. १९८६ मध्ये कुंडलिकेवर पूल झाला आणि दवाखाना, कॉलेज, नोकरी जवळ आली. कोण म्हणेल पूल नको होता? १९६०च्या दशकापर्यंत प्रार्थना पोर्तुगीजमध्ये व्हायच्या, त्या गेल्या, शाळा मराठी. पोरगं शाळेत मागे पडू नये म्हणून आई घरातही मराठी बोलू लागते. आता ही भाषा बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. इथे एक गंमत बघा, आणि ती जरा टोचणारीही आहे: मॉरिशसमध्ये जी मराठी क्रिओलपुढे हरतेय, तीच कोर्लईत दुसऱ्या एका क्रिओलला मागे सारतेय. लहान भाषेवर अन्याय करायला इंग्रजीच लागते असं काही नाही.

रोज सकाळी मी चिंचवडहून चाकणला कंपनीच्या बसने जाते. चाळीस सीटची बस. बिहारी, ओडिया, नांदेडचे, विदर्भातले आणि खानदेशातले तर भरपूर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तेव्हापासून या पट्ट्यात माणसं येताहेत, आपापली बोली ट्रंकेत घालून. बसमध्ये सगळ्यांची मिळून एक हिंदी चालते. तीही आमची क्रिओलच म्हणायची.

माझ्या शेजारच्या सीटवर शिरपूरकडची एक मैत्रीण बसते. भोसरी येईपर्यंत तिचा आईला फोन. “काय करी ऱ्हायनी व माय?” इथून जे अहिराणी सुरू होतं ते ऐकायला इतकं गोड, की मी पुस्तक मिटून ठेवते. फोन बंद झाला की माझ्याशी पुणेरी मराठी. घरी मुलीशी निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, कारण सोसायटीतल्या मुलांची तीच भाषा आहे आणि शाळेने पालकसभेत घरी इंग्रजी बोला म्हणून सांगितलंय. नवरा सासरच्या माणसांशी अहिराणी बोलतो, हिच्याशी मराठी. मुलगी नऊ वर्षांची. आजीचं बोलणं तिला सगळं समजतं, हसण्याच्या जागी बरोबर हसते. उत्तर मात्र हिंदीत.

मी मैत्रिणीला ती युनेस्कोची मोजपट्टी सांगितली. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे आमचं घर मधल्या पायरीवर. मला येतं, मी बोलत नाही.”

अहिराणी बोलणारे धुळे, जळगाव, नंदुरबारकडे लाखांनी आहेत, ती काही उद्या संपत नाही. पण चिंचवडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती कधी संपेल, हे हिच्या हातात आहे आणि हिला ते त्या दिवशी कळलं. आता या उन्हाळ्यात मुलीला महिनाभर शिरपूरला ठेवावं असं तिच्या मनात आहे. नवरा म्हणतो, तिथली चुलत भावंडंही इंग्रजी शाळेत जातात, शिवाय इथला अबॅकसचा क्लास बुडेल. अजून ठरलेलं नाही. परवापासून मात्र भोसरी गेलं तरी फोन चालूच असतो, आणि आता पलीकडे आई नसते, मुलगी असते. ही अहिराणीत विचारते, डबा भरला का? पलीकडून बहुधा हिंदी येत असावं, कारण ही पुन्हा तेच अहिराणीत विचारते.