ऊस दोन जायकवाडी पितो, दळण मात्र फुकट!

अन्नधोरण म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्लीतली बैठक येते: लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, दाबलेल्या जांभया. प्रत्यक्षात हे धोरण पिठाच्या गिरणीत, पगाराच्या स्लिपमध्ये, घंटागाडीत आणि धरणाच्या दरवाजापाशी सापडतं. तेही आपल्या छत्रपती संभाजीनगरात. चला, एक चक्कर मारू.

कर भरा, दळण न्या

वाळूज एमआयडीसीपासून जवळच असलेल्या पाटोदा गावात ग्रामपंचायतीची स्वतःची गिरणी आहे. ग्रामपंचायतीचा कर पूर्ण भरला की त्या घराचं दळण मोफत. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना गाजलेली ही युक्ती. थकबाकीदाराच्या दारात नोटीस चिकटवण्यापेक्षा ‘शेजारणीचं दळण फुकट, मग आपलंच का विकत?’ हा घरातला सवाल केव्हाही जालीम!

फुकट दळणाची कल्पना शहराला नवी नाही म्हणा. अठराव्या शतकातली आपली पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणायचं, उंचावरून सोडायचं आणि त्या धारेवर जातं फिरवायचं. पीठ फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि सैनिकांसाठी. ना वीज, ना डिझेल. आज आपण तिथे तिकीट काढून फोटो काढतो आणि पीठ पिशवीतलं आणतो.

तुघलकाचा पीकसल्ला

1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा मुहम्मद बिन तुघलक सगळ्यांना माहीत आहे. शहराचा लाडका नान-खलिया त्याच लवाजम्याबरोबर आला, असंही खवय्ये छातीठोक सांगतात. पण याच सुलतानाने पुढे दिल्लीकडे शेतीसाठी ‘दिवान-ए-कोही’ नावाचं स्वतंत्र खातं काढलं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. इतिहासकार बरनी याने नोंदवलेला त्याचा आग्रह तर वाचण्यासारखा आहे: जवाच्या जागी गहू लावा, गव्हाच्या जागी ऊस आणि उसाच्या जागी द्राक्षं, खजूर. शेती वाढवण्यासाठी तगाई वाटली गेली, बरेच पैसे मधल्या मंडळींनी खाल्ले आणि योजना बुडाली.

सुलतानाला हसू नका. ज्वारी-बाजरीच्या मराठवाड्याने पुढे ऊस आणि द्राक्षं दोन्ही लावून दाखवली!

आता तो दोन जायकवाडींचा हिशेब

2019 मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या कार्यालयाने सरकारला एक अहवाल दिला. मराठवाड्यात ऊस 3.13 लाख हेक्टरवर, हेक्टरी पाणी सुमारे 196 लाख लिटर. गुणाकार केला तर उत्तर येतं 217 टीएमसी. पैठणच्या जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी. म्हणजे जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ दोनदा भरून उसाला पाजला, तरी तहान उरते! मराठवाड्यात ऊस लावायलाच बंदी घाला, अशी शिफारस त्या अहवालात होती. बंदी आली नाही, हे सांगायला नकोच.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला एफआरपी म्हणजे ‘रास्त व किफायतशीर दर’ आहे आणि ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचं बंधन कारखान्यावर 1966 च्या आदेशाने घातलेलं आहे. पैसे रखडतात, आंदोलनं होतात, तरी निदान बोट दाखवायला कायदा आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण ती घ्यायला दारात कोण उभं असतं? उसाने पाणी पळवलं असं आपण म्हणतो. खरं तर पाण्याला उसाकडची वाट धोरणानेच दाखवली.

जाता जाता नावाची गंमत. धरण पैठणला, मग ‘जायकवाडी’ कुठून आलं? धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरलं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. आणि आपल्या भागात दसऱ्या-दिवाळीइतकीच महत्त्वाची तारीख म्हणजे 15 ऑक्टोबर. त्या दिवशी जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर समन्यायी वाटपाच्या नियमाने नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. मग मोर्चे, याचिका, बंदोबस्त सगळं ओघाने. या नियमाची मुळं 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहेत. ‘पाण्याचं नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा स्टॉकहोम जल पुरस्कार 1993 मध्ये मिळवणारे माधवराव चितळे याच शहरातले, आणि पाणी कसं वापरावं हे शिकवणारी ‘वाल्मी’ संस्थाही इथेच, कांचनवाडीला. ज्ञानाचा तुटवडा कधीच नव्हता.

तुमच्या पगारातले 200 रुपये

वाळूज-शेंद्र्याच्या नोकरदारांनो, पगाराची स्लिप काढा. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापलेले दिसतील. वर्षाला 2,500. हा व्यवसाय कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला! 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला गेली. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, कामावर सुकडी. मिलो म्हणजेही ज्वारीच, पण त्या भाकरीची आठवण काढली की आजही जुनी माणसं तोंड वाकडं करतात. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहराच्या पगारातून खेड्याची चूल पेटती ठेवायची, अशी ही योजना. पुढे 2005 मध्ये देशाने हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

उरलेल्या अन्नाचं काय?

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी तिथल्या डेपोकडे जाणाऱ्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरभर ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात पोचलं. त्या धड्यातून ओला-सुका वेगळा करायची सवय लागली आणि कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करायचा प्रकल्प उभा राहिला. लग्नातला टाकलेला मसालेभात आता गॅस होऊ शकतो. अर्थात टाकलाच नाही तर अधिक बरं.

एक रुपयाची भाकरी

अन्नसुरक्षा कायदा आला 2013 मध्ये. त्यात किलोचे दर होते: तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य फक्त 1 रुपया. कायद्याच्या पुस्तकात ज्वारी सगळ्यांत स्वस्त! बाजारात भाव विचारून बघा. 2023 पासून हे धान्य मोफत झालं, पण पिशवीत बहुतेक वेळा पडतात ते गहू आणि तांदूळच.

त्याच 2023 ला जगाने भरडधान्य वर्ष म्हणून मिरवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण 2018 मध्येच दिलं आहे. तेव्हा बियाणं आहे, कायदा आहे, खाणारी तोंडंही आहेत. पुढच्या महिन्यात रेशन दुकानात गेलात की एवढंच विचारा: ‘भाऊ, ज्वारी कधी येणार?’ आणि नाही म्हणाले, तर तोच प्रश्न ग्रामसभेत किंवा तहसीलमध्ये लेखी द्या.