खात्यापित्या घरचं ओझं

आपल्या भाषेत माणूस जाड होत नाही. त्याची 'तब्येत सुधारते', तो 'अंग धरतो', नव्या नवरीला 'सासर मानवतं'. लहान मुलाला बाळसं येतं आणि मोठ्या माणसाला वजन येतं. आणि हे वजन गावकीत, भावकीत, कचेरीतही चालतं. सडपातळ साहेबापेक्षा भरदार साहेबाचं लोक जरा जास्त ऐकतात, हे मी बँकेतल्या छत्तीस वर्षांत पाहिलं आहे. ज्या मुलखात पावसाने पिढ्यान्‌पिढ्या दगा दिला, तिथे अंगावरची चरबी ही शिल्लक समजली जाते. खात्यात पडलेली बरी, अडीअडचणीला उपयोगी पडेल, अशी.

आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) या बाबतीत मोठा नमुनेदार आहे. दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे दुष्काळाने कायम गांजलेले तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला ऊस. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. माझा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, पण दक्षिणेत. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांवर आमच्या पिढीची हाडं पोसली. पुढे नोकरीत बदली झाली ती उत्तरेतल्या बागायती शाखेत. कर्जाची पाहणी करायला जावं, तर वस्तीवर चहा आलाच, आणि बागायतदाराच्या घरी चहात साखर मोजून घालत नाहीत. दिवसाला आठ-दहा कप. शरीर दुष्काळी भागातलं आणि जेवण बागायती भागातलं, असा तो संसार सुरू झाला.

यामागे काही शास्त्र असेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण आपल्या बाळात कमी होता तो स्नायू. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून रोड, आतून स्थूल. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी इंग्लंडमधले आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ते वाचल्यावर माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं. वजन काट्यावर तेवढंच राहिलं, ही गोष्ट वेगळी.

पोट बंद करणार?

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ११८ किलो होतं. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की 'बीएमआय' निघतो. माझा निघाला ४३. इन्शुलिन दिवसातून दोनदा, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, गुडघे गेलेले. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री तोंडावर मुखवटा लावून यंत्राच्या हवेवर झोपायचं. सौभाग्यवती शेजारी जागी राहून माझे श्वास मोजायची. उपाय सगळे झाले होते. सकाळी गरम पाणी-लिंबू-मध, निसर्गोपचार, सावेडीच्या रस्त्यावर फिरणं, डॉ. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण. दर वेळी दहा-बारा किलो उतरायचे आणि वर्षभरात व्याजासकट परत यायचे.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी मग शस्त्रक्रियेचं नाव काढलं. पुण्याच्या शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करतात, कटिंग चहाच्या ग्लासापेक्षाही लहान, आणि ती खालच्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर तिथेच राहतं, फक्त अन्नाची वाट चुकवली जाते. मधुमेह जुना म्हणून माझ्यासाठी दुसरा प्रकार ठरला.

घरात सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, चांगलं धडधाकट पोट कापायचं? कमी खाता येत नाही का माणसाला?" आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "दुष्काळात पोटाला मिळत नव्हतं. आता मिळतंय, तर तू पोटच बंद करायला निघालास." या वाक्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

जानेवारी २०१९ ची तारीख ठरली होती. आदल्या महिन्यात, आमच्याच जिल्ह्यात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना व्यासपीठावर भोवळ आली. शेजारी असलेल्या राज्यपाल विद्यासागर राव यांनी त्यांना सावरलं. साखर कमी झाल्याने त्रास झाला, आता बरा आहे, असं खुद्द गडकरींनीच कळवलं. त्यांनी २०११ मध्ये मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे सर्वांना ठाऊक होतं. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. घरच्यांनी मात्र ताबडतोब जोडला. मग जुनी कात्रणं निघाली. २०१४ मध्ये अरुण जेटलींची दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या गुंतागुंतीमुळे त्यांना 'एम्स'मध्ये हलवावं लागलं होतं. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणलं. शस्त्रक्रिया झाली, वादही झाले, आणि त्याच वर्षी अबुधाबीत त्यांचा मृत्यू झाला.

मी बँकेतला माणूस. भीती आणि जोखीम या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे मला शिकवलेलं. म्हणून आकडे मागितले. टाके गळणं, रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं हे धोके चांगल्या हातांत फार कमी, पण शून्य नाहीत. दुसऱ्या पारड्यात स्वीडनचा अभ्यास होता. १९८७ पासून तिथे शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच स्थूल माणसांची नोंद ठेवली गेली, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. २०२० मध्ये त्याच अभ्यासाचा पुढचा हिशेब आला: शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली, तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. म्हणजे हा चमत्कार नव्हे. बुडीत खात्यातली काही वसुली म्हणा.

विमा कंपनीने 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया' असं लिहून दावा नाकारला. काही लाखांचा खर्च भविष्य निर्वाह निधीतून केला. विमा नियामकाने २०१९ मध्येच पुढे नियम केला, की बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखे गंभीर आजार असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया वगळता येणार नाही. आता विचार करणाऱ्यांनी आपली पॉलिसी आधी नीट वाचावी.

भूक कुणाची?

दुर्बिणीतून पाच छिद्रं, चौथ्या दिवशी घरी. आठवड्यात इन्शुलिन बंद झालं. वजन जेमतेम चार किलो उतरलेलं असताना साखर ताळ्यावर आली, हे मला गूढ वाटलं. डॉक्टर म्हणाले, हे गूढ त्यांच्या शास्त्रालाही उशिरा कळलं. अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये याच नवलावर निबंध लिहिला. आतड्याची वाट बदलली की पोटातून निघणारे संदेशच बदलतात. भूक चेतवणारं 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठरातच तयार होतं. आपल्या चरकसंहितेत अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत आणि त्यांत अतिक्षुधाही आहे. अतिभूक हा त्या आजाराचाच भाग, असं ते सांगणं. आपण मात्र तिला पाप ठरवून टाकलं. "तोंडावर ताबा नाही" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटलं होतं. ऑपरेशननंतर एके दुपारी ताट समोर असूनही मला भूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की इतर लोक असे जगतात.

पण भूक गेली तरी जेवण राहतं. पहिले पंधरा दिवस ताक आणि मुगाचं पाणी, तेही घोटाघोटाने. मग मऊ भात चार चमचे. भाकरीला तीन महिने लागले. आजही नियम तेच: आधी अंडं, पनीर किंवा मटकीची उसळ, मग जागा उरली तर भाकरीचा चतकोर. प्रत्येक घास चावून त्याचं पाणी करायचं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. पुढे परत आले. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबली, ती तशीच आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व जन्मभर, आणि दर वर्षी रक्ततपासणी. गुडघा दुखला म्हणून दुकानातून दुखण्याची कुठलीही गोळी घ्यायची नाही. तिने जोडाला व्रण पडतो. दारू अंगात लवकर भिनते आणि कित्येकांना अन्नाच्या जागी तिचं व्यसन लागतं, ही सूचना डॉक्टर सर्वांनाच देतात.

वास्तुशांतीला कुणी राजूरचा कंदी पेढा हातावर ठेवला. अख्खा खाल्ला. वीस मिनिटांत घामाघूम झालो, छाती धडधडू लागली, सतरंजीवर आडवं व्हावं लागलं. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. गोडाची माझी ओढ त्या दिवशी बरीचशी संपली.

शरीराशी तडजोड जमली. माणसांशी जमायला वेळ लागला. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. पाव वाटी भातावर थांबलो की यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. "ऑपरेशन झालंय" म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. माळीवाडा स्टँडवर एका जुन्या खातेदाराने सौ.ला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना काय निघालंय, वहिनी?" ज्या समाजाने जाड असताना हसून घेतलं, त्याला बारीक झाल्यावर कर्करोग आठवला.

सगळ्यात अवघड गेलं ते सौ.ला. तीस वर्षं मी पानावर बसलो की ती समोर बसून वाढायची. भांडण झालं तरी ते वाढण्यातूनच मिटायचं. आता सात मिनिटांत माझं जेवण व्हायचं आणि ती भरलेल्या पातेल्यांकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुमचं वजन उतरलं, माझं काम उतरलं." मग तिनेच दोन लहान ताटल्या आणल्या. आता आम्ही दोघंही त्यात जेवतो, अर्धा तास लावून, बोलत. रात्री ती गाढ झोपते. श्वास मोजायचे नाहीत.

हिशेब सरळ सांगायचा तर असा. दीड वर्षात ११८ चे ७८ किलो झालो. चांदबिबीचा महाल म्हणून आपण ओळखतो त्या सलाबतखानाच्या कबरीची टेकडी न थांबता चढलो. रात्रीचं यंत्र माळ्यावर गेलं. आज सात वर्षांनंतर वजन ८६ आहे आणि मधुमेहाची एक गोळी परत सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणतात, हे अपेक्षितच. तळ गाठल्यावर थोडं वजन बहुतेकांचं परततं. २०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत. ती बंद केली की वजन बरंचसं परत येतं. तिथेही सुटका नाही, हप्ताच आहे.

सही कुणाची?

हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा. वय सत्तावीस, राहुरीकडे नोकरी, वजन १३० किलो. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी नकार दिला. गेल्या महिन्यात तो येऊन बसला. "मामा, तुम्ही केलंत. मीही करून टाकू?"

'करून टाकू' हा शब्द मला खटकला. मी त्याला कर्जाच्या अर्जदारासारखे प्रश्न विचारले. लग्नासाठी करतोयस की श्वासासाठी? डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुसरे उपाय किती महिने केलेस? घरात तुझ्या बाजूने कोण उभं आहे? पंचवीस वर्षांनी, मी नसताना, रक्त तपासायला जाशील? पहिल्या प्रश्नाला तो गप्प राहिला. बाकीच्यांची उत्तरं त्याने चार दिवसांनी वहीत लिहून आणली. आता तपासण्या चालू आहेत. बहीण रोज फोन करते, "दादा, तू नाही म्हण, तो तुझंच ऐकेल."

मी नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जावर मंजुरीची सही केली. ही सही ज्याची त्यानेच करायची असते. त्याला एवढंच सांगितलं, की ऑपरेशन म्हणजे कर्ज मिळाल्याचा दिवस, फेडल्याचा नव्हे. हप्ता रोज आहे, तिन्ही त्रिकाळ ताटावर आहे. मला तो परवडला. तुला परवडेल का, ते तू ठरव, आणि जे ठरवशील त्यात मामा तुझ्याबरोबर आहे.